मान डावीकडे

माणसाची मान कशी वळवायची, हे साऱ्या मोराव्हियात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. ही बढाई नव्हे, पेशा आहे. येस्त्राबोवच्या शाळेत मी उभा जन्म खेळ शिकवला. गावात आज जे कोणी चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये आणि बाया आहेत, त्यांना डावा हात कोणता आणि उजवा कोणता हे मी शिकवलंय. खाटीक ओल्द्रिखला तर दर वर्षी नव्याने. त्यामुळे प्रागहून आलेली ती सिनेमावाली पोरगी जेव्हा मला म्हणाली, "स्मेकालसर, मला दोनशे माणसं हवीयत आणि त्यांच्या माना एकाच क्षणी डावीकडे वळायला हव्यात," तेव्हा मी नुसता हसलो.

"तयारीला किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"तुम्ही कॉफी मागवा," मी म्हणालो. "थंड व्हायच्या आत वळवून देतो."

हे वाक्य तोंडातून गेलं नसतं तर फार बरं झालं असतं. पण माणूस सत्तरीला टेकला की त्याला कुणी काही विचारत नाही, आणि चुकून विचारलंच तर जीभ सैल सुटते.

पोरीचं नाव नेला. दिग्दर्शिका होती, वयाने आमच्या थोरल्या नातीएवढी. ती सिनेमा काढत होती आमच्या गावच्या कोस्तिहामास्तरांवर. हे मास्तर माझ्या आधीच्या जमान्यातले. ते शाळेत खेळ शिकवत आणि संध्याकाळी सोकोलच्या आखाड्यात साऱ्या गावाला कसरत करायला लावत. सोकोल म्हणजे आमच्याकडची जुनी व्यायामसंस्था. तिच्यात आजोबापासून नातवापर्यंत सगळे एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणायचे. अठ्ठेचाळीस साली कम्युनिस्टांचं नवं सरकार आलं. त्या उन्हाळ्यात सोकोलवाल्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा मैदानाच्या कडेला नव्या साहेबलोकांसाठी लाल कापडाचं व्यासपीठ उभं केलेलं होतं. समोरून जाताना मान वळवून सलामी द्यायची, असा हुकूम होता. मास्तरांची रांग व्यासपीठासमोर आली आणि सगळ्यांनी माना वळवल्या, फक्त दुसऱ्या बाजूला. घोषणा नाही, दगड नाही. नुसतं तिकडे बघितलं नाही, एवढंच.

तेवढ्यासाठी मास्तर युरेनियमच्या खाणीत गेले. परत आले ते अर्धे होऊन. सोकोल बंद झालं. आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी, जिला डॉक्टर व्हायचं होतं, तिला कुठल्याच कॉलेजने दारात उभं केलं नाही. तिने उभं आयुष्य शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक केला.

ती मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई.

आता सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, हे गावात सर्वांना माहीत आहे. पंच्याऐंशी सालापासून बोलत नाहीत. त्या साली स्पार्टाकियाड होती, म्हणजे सरकारी सामुदायिक कवायत. देशभरातली पोरं एकाच सुरावर एकच हात वर करायची. आमच्या शाळेची पोरं अर्थातच मी तयार केली होती. तालमीला तेच मैदान, व्यासपीठ त्याच जागी. माझी पोरं समोरून गेली आणि त्यांनी माना व्यासपीठाकडे वळवल्या, गोड हसली, हात हलवले. अगदी एका दोरीत. जिल्ह्याहून आलेल्या साहेबाने माझी पाठ थोपटली. सासूबाई भोजनगृहाच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि माझ्याशी बोलणंही.

नाही म्हणता आलं असतं का मला? आलं असतं की. मग माझीही नोकरी गेली असती आणि मला भोजनगृहात बटाटे सोलायला बसवलं असतं, सासूबाईंच्या हाताखाली. मी शूर माणूस नाही. मी दमलेला माणूस आहे, तेव्हाही होतो.

तेव्हापासून आमच्या घरात सगळा कारभार माझ्या बायकोमार्फत चालतो. एकाच टेबलाशी तिघं बसतो. सासूबाई म्हणतात, "यित्का, त्याला सांग, मीठ इकडे दे." यित्का म्हणते, "अहो, मीठ द्या." मी मीठ देतो. "यित्का, त्याला सांग, बाहेरचे बूट घालून माझ्या फरशीवर फिरू नको." तोवर मी बूट काढलेले असतात. त्या माझ्याकडे बघतही नाहीत. मी समोर बसलेला असलो, तर माझ्या कानाच्या बाजूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. तीस वर्षं. यित्का कधीकधी म्हणते, "मी मेले की तुम्ही दोघं करणार काय?" तर सासूबाई म्हणतात, "त्याला सांग, चिठ्ठी लिही."

म्हणून मी ते काम घेतलं. मानधन काही फार नव्हतं, आणि असतं तरी मला नको होतं. मला एवढंच वाटत होतं की त्याच मैदानावर, तीच माणसं, त्यांच्या वडिलांच्या सिनेमात, व्यासपीठाकडे पाठ फिरवतील, आणि ते मी करून दाखवलेलं असेल. मग कदाचित जेवताना सासूबाई घड्याळावरून नजर काढतील आणि म्हणतील, "राडोवान, मीठ दे." बाकी काही नको. नुसतं मीठ मागितलं तरी चाललं असतं.

ही बातमी मी जेवताना सांगितली, भिंतीला उद्देशून.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "यित्का, त्याला विचार, या वेळी कुठल्या बाजूला वळायचं ते तरी माहीत आहे का."

"डावीकडे," मी म्हणालो.

"डावीकडे म्हणतायत," यित्का म्हणाली.

"बघू," सासूबाई घड्याळाला म्हणाल्या.

तालमी तर झकास झाल्या. सारं गाव आलं. पोस्टातल्या बाया, अग्निशमन दल, चर्चमधली गाणारी मंडळी आणि ओल्द्रिख खाटीक, जो आता माझ्या दुप्पट झालाय. मी शिट्टी फुंकली आणि म्हणालो, "मान डावीकडे!" दोनशे माना फिरल्या. तो आवाज ऐकू येतो, खरंच सांगतो. नेलाची कॉफी अजून वाफाळत होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही जादूगार आहात." मी म्हणालो, "काही नाही हो, सवय." त्या वेळी मला कळायला हवं होतं की मी काय बोलतोय.

कारण तालमीत व्यासपीठ नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मैदानावर पोचलो तर सुतारांनी ते उभं केलेलं. लाल कापड, कागदी फुलं, पुढाऱ्यांचे मोठमोठे फोटो, सगळं जिथल्या तिथे. व्यासपीठावर काळ्या लोकरी कोटात आणि हॅटमध्ये उभा होता आमचा खानावळवाला बोहुश. पक्षाचा जिल्हासचिव म्हणून त्याला निवडलं होतं, कारण पोट आधीच तयार होतं. जुलै महिना, डोक्यावर ऊन रणरणतंय. सासूबाई कॅमेऱ्याच्या बाजूला लिंडेनच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीत बसलेल्या, मांडीवर चहाचा थर्मास. नेलाने त्यांना सन्मानाने बोलावलं होतं. मास्तरांचं काम करणारा नट येऊन त्यांच्या पाया पडल्यासारखा वाकला. चांगला उंच, देखणा गडी.

"माझे वडील बुटके होते," सासूबाई त्याला म्हणाल्या. बाकी जगाशी त्या थेटच बोलतात.

बँड सुरू झाला. रांग निघाली. पुढे तो उंच मास्तर, मागे सारं येस्त्राबोव, पांढरे सदरे घालून, छाती काढून. व्यासपीठापाशी आले आणि दोनशे माना वळल्या.

उजवीकडे. व्यासपीठाकडे. आणि सगळे हसले, गोड, दात दाखवून. मागच्या तीन रांगांनी हातही हलवले.

"कट," नेला म्हणाली.

मी धावत गेलो. "अरे, डावीकडे ठरलं होतं ना?"

"सर, आम्हाला माहितीय," ओल्द्रिख घाम पुसत म्हणाला. "पण ते लाल कापड दिसलं की मान आपोआप जाते. तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी काय सांगितलं होतं?"

"पंच्याऐंशीला. तुम्ही म्हणाला होता, व्यासपीठावर आइस्क्रीमवाला उभा आहे असं समजा. मला अजून तो दिसतो, सर."

मागून चार-पाच जणांनी माना डोलावल्या. पोस्टातली मिलुशे म्हणाली, तिला तर व्हॅनिलाचा वास येतो.

मंडळी, चांगलं शिकवण्यासारखं वाईट काम दुसरं नाही. विसरतात म्हणून मी जन्मभर पोरांना रागावलो, आणि आज त्यातलं एकही पोर काही विसरायला तयार नव्हतं.

पुन्हा केलं. पुन्हा उजवीकडे. नेलाच्या मदतनिसाने भोंग्यातून सांगितलं, "व्यासपीठाकडे अजिबात बघायचं नाही!" तर झाडून सगळ्यांनी आधी तिकडे बघितलं, नक्की कशाकडे बघायचं नाही ते कळावं म्हणून. त्यातून वर बोहुश उभा. गावात एकच खानावळ, त्यामुळे बोहुशला बघून नजर वळवणं आमच्या लोकांच्या रक्तातच नाही. ऐन शांततेच्या प्रसंगात, दडपशाहीसमोरून जाताना, कुणीतरी ओरडलं, "बोहुश, संध्याकाळी डुकराचा गुडघा आहे ना?" आणि पक्षाच्या जिल्हासचिवाने वरून अंगठा दाखवला.

तिकडे झाडाखाली सासूबाई यित्काशी काहीतरी बोलल्या. यित्का मैदान ओलांडून माझ्याकडे आली.

"आई विचारतेय, तुम्ही शिकवलेलं पुसता येतं का?"

"त्यांना सांग, प्रयत्न चालू आहे."

ती बिचारी परत गेली. उन्हात ते मैदान काही छोटं नाही.

मग मला कल्पना सुचली. इथेच थांबायला हवं होतं, पण थकलेल्या डोक्यात कल्पना फार येतात. मी नेलाला म्हणालो, "मान ओढणारं काहीतरी डाव्या बाजूला ठेवू." आणि बोहुशच्या बायकोला सांगून मैदानाच्या डावीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही असं, बिअरचं पिंप आणून ठेवलं.

आता माना डावीकडे वळल्या. काय वळल्या म्हणून सांगू! मी हात चोळले. पण नेला पडद्याला डोळे लावून बसली होती, ती म्हणाली, "सर, हे लोक निषेध करतायत. उद्या यांना पकडून नेणार आहेत. मग हे इतके खूश का दिसतायत?"

खरंच, दोनशे चेहरे लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखे फुललेले. शेवटची रांग तर तशीच वळून पिंपापाशी गेली आणि परत आलीच नाही. आपली बायको फुकट बिअर वाटतेय हे बोहुशला वरून स्पष्ट दिसत होतं. पक्षाचा सचिव कोट सावरत व्यासपीठावरून "ए, थांब, थांब" करत उतरायला निघाला, तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला, आणि कमरेत अशी उसण भरली की चौघांनी उचलून त्याला पिंपाशेजारीच आडवा केला. तिथे तो बराच बरा झाला, पण उभा राहायला तयार नव्हता.

ऊन कलायला अजून थोडा अवकाश होता. नेलाने माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

"सर, नुसतं उभं राहायचंय. आणि तुम्हीच वर असाल तर निदान ते सचिवाला जेवण तरी विचारणार नाहीत."

तेही खरंच. मी तो कोट चढवला. आतून बोहुशच्या घामाने ओला, बाहेरून लोकर. सकाळपासून पोटात एक रोहलिकचा पाव, तोही अर्धा. हॅट कानापर्यंत. छातीवर लाल तारा. पायऱ्या चढून मी वर उभा राहिलो आणि समोर बघितलं, तर झाडाखालच्या खुर्चीतून सासूबाई माझ्याकडे नव्हे, माझ्या बाजूच्या फोटोकडे बघत होत्या. मला तर वाटलं, तो फोटोच त्यांना जास्त सुसह्य वाटत असावा.

रांग निघाली. आणि मंडळी, या वेळी तर कहरच झाला. कारण आता वर त्यांचे सर उभे होते. दोनशे पोटं एकदम आत गेली. हनुवट्या वर. पावलाला पाऊल. आणि व्यासपीठासमोर दोनशे माना माझ्याकडे अशा फिरल्या, की पंच्याऐंशी साली साहेबाने बघितलं असतं तर मला राजधानीत बोलावून घेतलं असतं. ओल्द्रिखने तर जाता जाता ओठ हलवून विचारलं, "बरोबर ना, सर?"

"कट," नेला म्हणाली आणि खाली गवतावर बसली. "उद्या बँड नाही. परवा मी नाही. हा प्रसंग सिनेमातून जाणार."

मी वर उभाच होतो. उतरायचं त्राण नव्हतं. खाली रांगेत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं. आता जेवताना यित्का मला निरोप देईल, "आई म्हणतेय, बघितलं." आणि पुढची तीस वर्षं. तेवढी तर मला मिळणारही नव्हती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. थर्मास यित्काच्या हातात दिला आणि काठी न घेता मैदान ओलांडून रांगेच्या तोंडाशी गेल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या. पांढरा सदरा कपडेवालीने सकाळीच त्यांना हौसेने घातला होता. त्या रांगेकडे वळल्या आणि सगळी रांग गप्प झाली. का झाली ते मला माहीत आहे. या सगळ्यांना लहानपणी भोजनगृहात शेपूची पांढरी आमटी मिळायची, आणि ताटली चाटून पुसून साफ झाल्याशिवाय सासूबाई कुणाला उठू द्यायच्या नाहीत. ओल्द्रिख एकदा त्या आमटीसमोर शाळा सुटेपर्यंत बसला होता.

"ओल्द्रिख, पोट सोड," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी पोटं सोडा. माझ्या वडिलांच्या रांगेत कुणी पोट आत घेतलं नव्हतं."

मग उंच नटाला त्या म्हणाल्या, "तुम्ही सिनेमात ते स्वातंत्र्याचं भाषण म्हणता ना, ते त्यांनी केलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, 'उजवीकडून वारा येतोय. मान धरेल. ज्याला आपली मान प्यारी असेल त्याने डावीकडे बघावं.' मी त्यांच्या मागेच होते. लोक हसले आणि डावीकडे बघितलं. इतकंच झालं."

गवतावरून नेला उठून उभी राहिली होती.

"आता मी पुढे चालते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या मानेकडे बघा. वर कोण उभं आहे, काय आहे, तुम्हाला काही करायचं नाही. माझी मान जाईल तिकडे तुमच्या गेल्या पाहिजेत. कुणाची राहिली तर मी ताटली पुढे ठेवीन."

बँड वाजला. त्या निघाल्या. लहान पावलं, पण ताठ. मी व्यासपीठावरून बघत होतो. त्या जवळ आल्या आणि त्यांची मान डावीकडे वळली, कुठलाही आव न आणता. रोज माझ्यासमोर घड्याळाकडे वळते तशीच. आणि त्यांच्या मागे पहिली रांग वळली, दुसरी, तिसरी, सगळं गाव. ओल्द्रिखसुद्धा. कुणी हसलं नाही, कुणी हात हलवला नाही. नुसती डोक्यांची मागची बाजू, पांढरे सदरे आणि बँड.

मी तुम्हाला खरं सांगतो, तो सिनेमा आहे हे मी विसरलो. ज्यांना मी चालायला शिकवलं ती सगळी माणसं माझ्यापासून तोंड फिरवून चालली होती. लोकरी कोट अंगाला चिकटलेला, डोळ्यांसमोर काजवे. मला वाटलं, हे असंच व्हायला हवं होतं, मला हे पंच्याऐंशीलाच मिळायला हवं होतं. आणि मी पडणार, हेही वाटलं.

तेव्हा सासूबाई अगदी समोर आल्या होत्या. मागची दोनशे माणसं डावीकडे बघत होती, आणि त्यांची मान परत फिरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कानाच्या बाजूला नाही, डोळ्यांत. पाऊल न थांबवता, बँडच्या आवाजाखाली, त्या म्हणाल्या, "राडोवान, पांढरा पडलायस. खाली बस."

मी बसलो. असा बसलो की फळ्या वाजल्या आणि हॅट डोळ्यांवर आली. हॅट वर केली तोवर त्यांची मान परत डावीकडे गेली होती.

"कट!" नेला ओरडली. ती रडत होती. "कमाल केलीत, सर! लोकांच्या त्या मौनापुढे सत्ता कशी कोसळते! हे बसायचं तुम्हाला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "मला सांगितलं."

"कुणी?"

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं, पण त्या यित्काकडून थर्मास घेऊन झाडाखाली चहा पीत बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी सगळ्या गावाला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाव घेतलं माझं. ओल्द्रिख म्हणाला, "सर, मी काही बघितलं नाही. मी डावीकडे बघत होतो." मिलुशे डावीकडे बघत होती. अग्निशमन दल झाडून डावीकडे. जन्मात पहिल्यांदा या गावाने माझं म्हणणं शंभर टक्के ऐकलं होतं, त्यामुळे एकही साक्षीदार उरला नव्हता. यित्का म्हणाली, "अहो, उन्हाचं होतं असं कधीकधी." बोहुशने माझ्यापुढे आलुबुखारच्या दारूचा पेला ठेवला आणि घरचा विषय घरीच ठेवा म्हणाला.

मी म्हटलं, ठीक आहे. सिनेमा येईल तेव्हा दिसेलच सगळ्यांना.

वसंतात सांस्कृतिक भवनात पहिला खेळ झाला. सारं गाव आलं होतं. आम्ही तिघं पहिल्या रांगेत, मध्ये यित्का. तो प्रसंग आला. माना वळल्या. सचिव पांढराफटक पडला आणि मटकन खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून कुणीतरी "शाब्बास सर" म्हणालं. पण माझं लक्ष सासूबाईंच्या मानेकडे होतं. ती डावीकडे होती. व्यासपीठासमोर येतानाही डावीकडे, पुढे जातानाही डावीकडे. शेवटपर्यंत हलली नाही.

बाहेर मी नेलाला गाठलं. "त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं."

"हो, बघितलं होतं ना," ती म्हणाली. "एवढा एकच दोष होता त्या दृश्यात. दोन आठवडे बसून संगणकावर ती मान परत फिरवली आम्ही. आता बघा, कुणाला कळतसुद्धा नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सर, मास्तरांची मुलगी सचिवाकडे बघते, हे कथेत बसत नाही हो."

ती त्याच रात्रीच्या गाडीने प्रागला गेली. पुढच्या आठवड्यात पेपरात सासूबाईंचा फोटो आला, मान डावीकडे. 'जी कधीच वळली नाही,' असं खाली लिहिलेलं. लोक रस्त्यात थांबून त्यांचं अभिनंदन करू लागले, आणि मी दिसलो की गमतीने सगळे डावीकडे बघत जाऊ लागले. ओल्द्रिख तर मांस कापतानाही.

रविवारी जेवायला बसलो. डुकराचं मांस, कोबी, वाफवलेल्या कणकेचे गोळे. मी खूप वेळ ताटात चमचा फिरवत राहिलो. मग धीर केला आणि थेट त्यांनाच विचारलं, यित्काला मध्ये न घेता.

"सासूबाई, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं ना?"

सासूबाईंनी कणकेच्या गोळ्याचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. घड्याळाकडे बघितलं.

"यित्का, त्याला सांग, सिनेमात दाखवलंय तेच खरं. सगळ्या देशाने बघितलंय." आणखी एक तुकडा झाला. "आणि त्याला सांग, भर उन्हात लोकरीचा कोट घालून उभं राहायचं वय नाही तुझं. मला वाटलं, आता जातोस खाली."

यित्काने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून तिने हे सगळं शब्द न शब्द मला सांगितलं. मी टेबलाच्या पलीकडेच बसलो होतो आणि सगळं ऐकलं होतं, तरी ती सांगून संपवेपर्यंत थांबलो, आणि मग म्हणालो, "त्यांना सांग, पुन्हा नाही उभा राहणार."